परक्या गावात दोन पावसाळे

सेनेगलची राजधानी डाकार. तिथून केदुगू सुमारे सातशे किलोमीटर. देशाच्या अगदी आग्नेय कोपऱ्यातला हा मुलूख, एका अंगाला माली आणि दुसऱ्या अंगाला गिनी. जूनमध्ये पाऊस सुरू होतो तो ऑक्टोबरपर्यंत मुक्काम ठोकतो. मका आणि भुईमूग तरारून येतात, ओढे भरून वाहतात, कच्चे रस्ते वाहून जातात आणि नेमक्या याच दिवसांत मलेरिया घरोघर शिरतो. काल अंगणात खेळणारं मूल आज तापानं फणफणतं आणि उद्या त्याला आकडी येते. दवाखाना लांब, मध्ये दुथडी भरलेला ओढा, आणि घरातली सगळी माणसं शेतावर.

अशा एखाद्या गावात अमेरिकेतून आलेली पंचविशीतली मुलगी दोन वर्षं राहते. ती डॉक्टर नसते, बहुतेक वेळा नर्सही नसते. तिला इंजेक्शन देण्याची परवानगी नसते आणि बाळंतपण करण्याचीही नसते. गावातल्या कुटुंबाच्या आवारातच तिची खोली असते, विहिरीचं पाणी भरून ती आंघोळ करते, सायकलवरून फिरते. तिच्या नावापुढे ‘आरोग्य स्वयंसेविका’ असं लिहिलेलं असतं. इलाज करता येत नसेल तर ती तिथे करते तरी काय, हा प्रश्न गावकऱ्यांना पडतो आणि पहिले काही महिने तिलाही पडतो.

रात्री दोन वाजताचं भाषण

१४ ऑक्टोबर १९६०. अध्यक्षपदाच्या प्रचारात असलेले जॉन केनेडी मिशिगन विद्यापीठात पोचले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, तरी विद्यार्थ्यांची गर्दी हटली नव्हती. तुमच्यापैकी किती जण परदेशात जाऊन काही वर्षं सेवा करायला तयार आहात, असा प्रश्न त्यांनी पायऱ्यांवरून विचारला. निवडून आल्यावर १ मार्च १९६१ रोजी त्यांनी अशा स्वयंसेविका पाठवणारी ‘पीस कोअर’ ही संस्था स्थापन करणाऱ्या आदेशावर सही केली. सार्जंट श्रायव्हर पहिले संचालक झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टअखेर पहिली तुकडी घानाला पोचली. त्यानंतर आजवर दोन लाख चाळीस हजारांहून अधिक माणसं या संस्थेमार्फत जगभर राहून आली आहेत. शिक्षण, शेती, पर्यावरण, युवक विकास यांच्याबरोबरच आरोग्य हे तिचं मोठं क्षेत्र. सेनेगलमध्ये संस्था १९६३ पासून आहे.

मुदत साधारण सत्तावीस महिन्यांची. पहिले तीन महिने प्रशिक्षण, नंतर दोन वर्षं गावात. पगार मिळत नाही, स्थानिक माणसासारखं राहता येईल एवढा निर्वाहभत्ता मिळतो. वयाची खालची अट अठरा वर्षं आणि वरची अट नाहीच.

आधी नाव, मग काम

सेनेगलमधलं प्रशिक्षण केंद्र थिएस शहरात आहे. तिथे आरोग्याच्या धड्यांइतकाच, किंबहुना त्याहून जास्त वेळ भाषेवर जातो. फ्रेंच ही सरकारी भाषा, पण खेड्यातली आई बोलते वोलोफ, पुलार, सेरेर किंवा मालिंके. ज्या भागात नेमणूक, तिथली भाषा शिकावी लागते आणि तिची तोंडी परीक्षाही असते. याच काळात प्रत्येकाला एका कुटुंबात राहायला पाठवतात. ते कुटुंब पाहुणीला स्थानिक नाव देतं आणि आपलं आडनावही देतं.

या आडनावाचे परिणाम फार दूरवर जातात. पश्चिम आफ्रिकेत काही ठरावीक आडनावांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचं नातं चालत आलेलं आहे. समोरच्याचं आडनाव एनजाय आणि तुमचं जॉप असेल, तर पहिल्याच भेटीत तो तुम्हाला खादाड म्हणणार आणि तुम्ही त्याला सव्याज परत करणार. बाजारात, बसथांब्यावर, दवाखान्याच्या रांगेत अनोळखी माणसाशी अशी चेष्टा झाली की अर्धा परकेपणा गळून पडतो. आरोग्याविषयी बोलायला दार उघडं हवं, आणि हे दार बऱ्याचदा आडनावानं उघडतं.

जेवण एकाच मोठ्या परातीतून. भात, त्यावर दाण्याच्या कुटाची दाट आमटी, कधी मासळी. प्रत्येकानं आपल्या समोरचाच भाग खायचा, दुसऱ्याच्या बाजूला हात घालायचा नाही. घरची बाई मात्र मधल्या भाजीचे आणि माशाचे तुकडे बोटांनी मोडून पाहुणीच्या बाजूला सरकवत राहते. हा पाहुणचार सुखावतो, आणि आरोग्य कार्यकर्तीच्या नजरेला त्याच परातीत आणखी काही दिसतं. दोन वर्षांचं मूल मोठ्यांच्या वेगानं खाऊ शकत नाही, त्यामुळे परात रिकामी झाली तरी ते अर्धपोटी राहतं. लहान मुलासाठी वेगळी वाटी काढा, ही सूचना साधी वाटते. पण ती पाहुणीनं पहिल्याच आठवड्यात केली तर घराची पद्धत चुकीची ठरवल्यासारखं होतं. सहा महिने त्याच परातीत जेवल्यावर, घरच्या आजीशी बोलून केली तर ती पटू शकते.

म्हणूनच गावात गेल्यावर पहिले तीन महिने नवं काम काढू नका, असं स्वयंसेवकांना सांगतात. या काळात पाहायचं, ऐकायचं, मोजायचं. गावातल्या बायकांना जमिनीवर गावाचा नकाशा काढायला सांगायचं. पुरुषांच्या नकाशात मशीद, शेतं आणि रस्ता ठळक येतात. बायकांच्या नकाशात विहीर, सरपणाची वाट आणि सुईणीचं घर. वर्षाचं वेळापत्रकही असंच मांडतात. पेरणी कधी, धान्य कधी संपतं, ताप कधी वाढतो, हातात पैसा कधी असतो. ही वेळापत्रकं एकाखाली एक ठेवली की दिसतं, कोठारातलं धान्य सरतं त्याच महिन्यांत कामाचा रेटा सर्वांत जास्त आणि मलेरियाही सर्वांत जास्त. आईला दवाखान्यात जायला फुरसत नसते ती याच दिवसांत.

दंडाची पट्टी, शेवग्याचा पाला

मग हळूहळू काम सुरू होतं. सेनेगलमध्ये आरोग्यकेंद्रावर एक प्रमुख परिचारक असतो, त्याच्या खालोखाल गावातली ‘आरोग्य झोपडी’, आणि ती चालवणारा गावचाच प्रशिक्षित माणूस. जोडीला सुईण असते आणि ‘बाजेनु गोख’ असते. ही वस्तीची आत्या. गरोदर बाईनं तपासणीला जावं, बाळंतपण केंद्रात व्हावं म्हणून घरोघर बोलणारी वडीलधारी बाई. परदेशी स्वयंसेविकेला या साखळीत स्वतःची जागा शोधावी लागते. एक स्थानिक सहकारी तिला नेमून दिलेला असतो आणि प्रत्येक काम त्याच्या किंवा तिच्या सोबतीनंच करायचं असतं.

मुलांच्या तपासणीच्या दिवशी झाडाखाली चटई पडते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या दंडाभोवती रंगीत पट्टी गुंडाळतात. ११५ मिलिमीटरच्या खाली लाल, ११५ ते १२५ पिवळा, त्यावर हिरवा. लाल आलेल्या मुलाला ताबडतोब केंद्रावर पाठवायचं. ही पट्टी वाचायला अक्षरओळख लागत नाही, म्हणून ती आयांच्याच हातात देण्याकडे आता कल आहे. स्वयंसेविका शेजारी बसते, आई स्वतः पट्टी लावते.

पिवळ्यात आलेल्या मुलांसाठी पौष्टिक लापशी शिजवून दाखवतात. बाजरी किंवा मका, भुईमूग, आणि शेवग्याच्या पाल्याची भुकटी. मूळचं आपल्या उपखंडातलं हे झाड सेनेगलच्या परसात चांगलंच रुजलं आहे. पाला सावलीत वाळवायचा, उन्हात नाही, कारण उन्हात त्यातलं जीवनसत्त्व जातं. ही भुकटी शिजवताना न घालता वाढताना घालायची. अशा बारकाव्यांवर तासन्‌तास चर्चा होते आणि ती अनेकदा चहाभोवती होते. कोळशावर छोट्या किटलीत उकळलेला हा चहा तीन फेऱ्यांत मिळतो, पहिली कडू, शेवटची गोड. तिन्ही फेऱ्या संपेपर्यंत कुणी उठत नाही, त्यामुळे बैठक आपसूक लांबते.

जुलाब लागलेल्या मुलासाठी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण तोंडपाठ करून घेतलं जातं. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यानं कॉलऱ्याच्या रुग्णांचे प्राण वाचवले होते. त्याच उपायाचं हे घरगुती रूप आज आफ्रिकेतल्या सुईणींच्या जिभेवर आहे.

सारायाची घरोघरची फेरी

केदुगू भागातल्या साराया जिल्ह्यात या कामाला एक वेगळं वळण मिळालं. सेनेगल सरकारनं २००८ पासून दुर्गम गावांत एक योजना सुरू केली होती. गावातल्याच एका माणसाला प्रशिक्षण द्यायचं. तो बोटातून रक्ताचा थेंब घेऊन झटपट चाचणी करतो, पंधरा-वीस मिनिटांत पट्टीवर रेघ उमटते, आणि मलेरिया निघाला तर तीन दिवसांच्या गोळ्या देतो. योजना उत्तम होती, पण रुग्णानं त्याच्या दारी यायचं होतं. पावसाळ्यात शेतावर राबणारी आई ताप आपोआप उतरेल म्हणून वाट पाहायची आणि तोवर उशीर व्हायचा.

सारायातले आरोग्य कर्मचारी, गावचे हे कार्यकर्ते आणि पीस कोअरचे स्वयंसेवक यांनी मिळून २०१२-१३ च्या सुमारास क्रम उलटा करून पाहिला. रुग्णाची वाट न पाहता कार्यकर्त्यानं पावसाळाभर दर आठवड्याला गावातल्या प्रत्येक घरी जायचं, ताप कुणाला आहे ते विचारायचं, असेल त्याची तिथल्या तिथे चाचणी आणि उपचार. पंधरा गावांत ही फेरी सुरू झाली आणि तुलनेसाठी तशीच आणखी पंधरा गावं निवडली गेली. हंगाम संपता संपता दोन्हींकडे मोजणी झाली तेव्हा फेरी झालेल्या गावांत मलेरियाचे तापकरी कितीतरी पटींनी कमी निघाले. पुढे सेनेगलच्या राष्ट्रीय मलेरिया कार्यक्रमानं ही पद्धत उचलली आणि इतर भागांत नेली.

यात परदेशी तरुणांचा वाटा नेमका कोणता होता? चाचणी आणि औषध देण्याचं काम गावच्या कार्यकर्त्याचं होतं, निर्णय जिल्ह्याच्या आरोग्य खात्याचा होता. स्वयंसेवक त्या गावांत मुक्कामाला होते, त्यामुळे उशीर नेमका कुठे होतो हे त्यांना रोज दिसत होतं. त्यांनी नोंदी ठेवल्या, आकडे जुळवले, किट वेळेवर पोचतात का यावर लक्ष ठेवलं, फेरीत सोबत चालले. मच्छरदाण्यांच्या वाटपातही हेच झालं. २०१० च्या आसपास सेनेगलनं माणशी किंवा घरटी हिशेब सोडून प्रत्येक झोपण्याच्या जागेला एक मच्छरदाणी असं धोरण धरलं. मग घरात किती पलंग आणि किती चटया पसरल्या जातात हे मोजायला दारोदार जावं लागलं, आणि त्या मोजणीतही स्वयंसेवक होते.

मराठी वाचकाला हे वाचताना जामखेड आठवेल. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं, तेव्हा गावानं निवडलेल्या बायकांना, ज्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, आरोग्याचं शिक्षण दिलं. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून माणसं ती पद्धत शिकायला जामखेडला येऊ लागली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं नवजात बाळाची काळजी घरातच घेणाऱ्या आरोग्यदूतांची पद्धत उभी केली आणि तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. आज आपल्या गावागावांतल्या आशाताईंच्या कामात या दोन्हींचा अंश आहे.

खेचरावरून देवीच्या शोधात

आरोग्य स्वयंसेवकांच्या इतिहासातलं एक साहसी पान इथियोपियाचं आहे. देवी रोगाच्या निर्मूलनाचा कार्यक्रम तिथे १९७१ मध्ये सुरू झाला. डोंगराळ देश, रस्ते नाममात्र. इथियोपियन आरोग्य कर्मचाऱ्यांबरोबर पीस कोअरचे तरुण पायी आणि खेचरांवरून दिवसेंदिवस फिरत. हातात देवी आलेल्या मुलाचा फोटो असलेलं कार्ड. आठवड्याच्या बाजारात आणि शाळेत ते दाखवायचं आणि विचारायचं, असं कुणाला झालंय का? रुग्ण सापडला की आसपासच्या सगळ्यांना लस. दोन टोकांच्या छोट्या सुईनं दंडावर भराभर टोचे, बस्स. काही ठिकाणी लोकांनी त्यांचं स्वागत केलं, काही ठिकाणी दगड मारून पिटाळलं.

इथियोपियातला शेवटचा रुग्ण १९७६ मध्ये आढळला. जगातला नैसर्गिक संसर्गाचा शेवटचा रुग्ण त्याच्या पुढच्या वर्षी सोमालियातल्या मेर्का गावी. अली माव मालिन हा तिथल्या इस्पितळातला स्वयंपाकी. सुई दुखेल या भीतीनं त्यानं लस टाळली होती. तो बरा झाला आणि पुढे पोलिओच्या मोहिमेत गावोगाव फिरला. मुलाला डोस द्यायला कचरणाऱ्या आयांना तो स्वतःचीच गोष्ट सांगायचा. २०१३ मध्ये पोलिओच्याच कामावर असताना मलेरियानं त्याचा मृत्यू झाला.

नारूची कहाणीही अशीच चिकाटीची. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला नारू ठाऊक आहे. पायाला फोड येतो, फुटतो आणि त्यातून हातभर, कधी मीटरभर लांबीचा जंत बाहेर यायला लागतो. काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, तुटू द्यायचा नाही. या रोगावर औषध नाही, लस नाही. पाणी फडक्यातून गाळून पिणं आणि रुग्णाला तळ्यात पाय बुडवू न देणं हाच उपाय. १९८६ मध्ये जगात सुमारे पस्तीस लाख रुग्ण होते. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. पश्चिम आफ्रिकेत हे काम अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या कार्टर सेंटरच्या पुढाकारानं चाललं. पीस कोअरचे स्वयंसेवक तळ्याकाठी बसून गाळण्याची फडकी वाटत, ती कशी बांधायची ते दाखवत. घानामध्ये शेवटचा रुग्ण २०१० मध्ये सापडला. जगातली रुग्णसंख्या आता वर्षाला मोजक्या रुग्णांवर आली आहे.

विक्रोळीच्या लिलियनबाई

या कार्टर घराण्याचा एक धागा थेट विक्रोळीला येतो. जिमी कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर प्रशिक्षित परिचारिका होत्या. जॉर्जियातल्या प्लेन्स या गावी, वर्णभेदाच्या कडक दिवसांत, त्या काळ्या शेजाऱ्यांच्या घरी जाऊन शुश्रूषा करत. वयाला अडसर नाही, अशी पीस कोअरची जाहिरात त्यांनी टीव्हीवर पाहिली आणि अर्ज केला. १९६६ मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, त्या मुंबईत आल्या आणि विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत राहिल्या. सुरुवातीला कुटुंब नियोजनाचं काम होतं, ते त्यांना रुचलं नाही. मग त्या वसाहतीच्या दवाखान्यात रमल्या. जखमा धुणं, इंजेक्शनं देणं, कुष्ठरुग्णांची सेवा. पहिल्यांदा कुष्ठरुग्णाला हात लावताना वाटलेली भीती आणि नंतर ती गेल्याचं समाधान, दोन्ही त्यांनी घरी लिहिलेल्या पत्रांत आहेत. ही पत्रं १९७७ मध्ये पुस्तकरूपानं आली, तेव्हा मुलगा अमेरिकेचा अध्यक्ष झाला होता. पीस कोअरचं भारतातलं काम १९७६ मध्ये थांबलं. पन्नाशीनंतर सेवेला गेलेल्या स्वयंसेवकांसाठी लिलियनबाईंच्या नावानं आजही पुरस्कार दिला जातो.

ताप, एकटेपणा आणि टीका

बाहेरून हे जीवन रम्य दिसतं, आत ते खडतर असतं. मलेरियाच्या प्रदेशात प्रतिबंधक गोळ्या घेणं सक्तीचं, चुकवल्या तर घरी पाठवलं जाऊ शकतं. सायकलवर हेल्मेट सक्तीचं. धुतलेले कपडे बाहेर वाळत घातले तर एका जातीची माशी त्यांवर अंडी घालते आणि अळी कातडीत शिरते, म्हणून आतले कपडेसुद्धा कोळशाच्या इस्त्रीनं कडक दाबून घ्यावे लागतात. जुलाब आणि अमिबा नेहमीचे. त्याहून अवघड एकटेपणा. दिवसभर माणसांच्या गराड्यात राहूनही स्वतःच्या भाषेत मनातलं बोलायला कुणी नसतं. ओळखीच्या बाळाचा मृत्यू झाला की तो कुणाला सांगायचा हे कळत नाही. स्वयंसेविकांच्या सुरक्षेचा प्रश्न तर गंभीर आहे. २००९ मध्ये बेनिनमध्ये एका तरुण स्वयंसेविकेचा खून झाला. त्यानंतर तिच्या कुटुंबानं आणि माजी स्वयंसेवकांनी आवाज उठवला आणि २०११ मध्ये अमेरिकेत स्वयंसेवकांच्या संरक्षणाचा कायदा झाला.

मूळ कल्पनेवरही कठोर टीका झाली आहे. विचारवंत इव्हान इलिच यांनी १९६८ मध्ये मेक्सिकोत अमेरिकन स्वयंसेवकांसमोरच भाषण केलं. त्यांचं म्हणणं असं होतं की, या देशाची भाषाही न येणारे तुम्ही इथे कुणाचं भलं करणार? पाहायला या, शिकायला या, पण उपकार करायला येऊ नका. या टीकेत तथ्य आहे. महिनाभराच्या सहलीत रुग्णांना हात लावू पाहणाऱ्या हौशी मंडळींनी नुकसानच केलं आहे. दोन वर्षांचा मुक्काम, स्थानिक भाषा, नेमून दिलेला सहकारी आणि इलाज न करण्याचा दंडक या चार गोष्टी त्या टीकेतूनच शहाणपण घेऊन टिकल्या पाहिजेत. त्या जिथे ढिल्या पडतात तिथे हे काम दिखाऊ होतं.

काम खरोखर स्थानिकांच्या हाती आहे का, याची कसोटी दोनदा लागली. २०१४ मध्ये इबोलाची साथ पसरली तेव्हा गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमधून सगळे स्वयंसेवक परत बोलावले गेले. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे तर जगभरातल्या साठहून अधिक देशांतले सुमारे सात हजार स्वयंसेवक काही दिवसांत मायदेशी गेले. असं याआधी कधीच घडलं नव्हतं. काहींना यजमान कुटुंबाचा धड निरोपही घेता आला नाही. पण गावचा चाचणी करणारा कार्यकर्ता, सुईण आणि वस्तीची आत्या तिथेच होते. जिथे काम त्यांच्या हाती सोपवलेलं होतं तिथे ते चालत राहिलं. जिथे सगळी सूत्रं पाहुण्याच्या वहीत होती तिथे ते थांबलं. स्वयंसेवक परत जायला सुरुवात झाली ती दोन वर्षांनी, २०२२ मध्ये.

जायचं असेल तर

पीस कोअरमध्ये जायला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, त्यामुळे तिकडे वाढलेल्या मराठी मुलामुलींना तो मार्ग खुला आहे. भारतीय पारपत्रधारकांसाठी संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम आहे. तो १९७१ पासून चालतो, मुख्यालय जर्मनीत बॉनला आहे आणि आरोग्याच्या जागाही त्यात निघतात. डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांना आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मदतसंस्थांत संधी असते. परदेशी जाण्याआधी वर्षभर घराजवळ काम करून पाहावं. गडचिरोलीच्या ‘सर्च’शी जोडलेला ‘निर्माण’ हा तरुणांचा उपक्रम २००६ पासून आहे, जामखेडला प्रशिक्षण आहे, आणि आपल्या तालुक्याच्या आरोग्यकेंद्रात आशाताईंसोबत एक पावसाळा फिरायला कुणाची शिफारस लागत नाही. रात्री ताप आलेल्या मुलाच्या घरी त्या किती वाजता पोचतात, गोळ्या संपल्या तर काय करतात, कोणत्या घरात त्यांना दारातूनच परतवतात आणि तिथे त्या पुन्हा कशा जातात, हे पाहून आलेला माणूस केदुगूला गेला तर पहिले तीन महिने गप्प बसून ऐकणं त्याला जड जाणार नाही.